आधी काटा तपासा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात तीन वस्तू एकत्र आल्या होत्या: अम्मीचं जुनं बीपीचं यंत्र, एक टर्बोची डिझेल गाडी आणि साबणाच्या पाण्याची वाटी. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "सर, गाडीचं बीपी वाढलंय का?"

आम्ही म्हणालो, "वाढलं नाही काकू, कमी दाखवतंय. पण खरंच कमी झालंय, की दाखवणारंच चुकतंय, ते बघतोय."

काकू हसल्या. पण त्या दिवशी आमच्या घरात कुणाला हसू येत नव्हतं. कारण गोष्ट ४५ हजार रुपयांची होती, आणि त्याहून जास्त म्हणजे एका बाप-लेकाची होती.

आमची आपा वाईतच राहते. दुल्हेभाईंची सात सीटची गाडी आहे, जुनी घेतलेली. तिच्यावरच त्यांचं घर चालतं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर, संध्याकाळी परत. भाचा आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करतोय. सकाळी गाडीचं पाणी, तेल, हवा बघणं हे त्याचं काम. दिवाळीच्या सुट्टीत त्याने स्वतःच्या साठवलेल्या पैशातून एक बूस्ट गेज आणलं आणि डॅशबोर्डवर बसवलं. गोल, घड्याळासारखं, आत एक काटा. दुल्हेभाई तेव्हा खूश होते. ग्राहकांनाही दाखवायचे, "पोराने बसवलंय."

हे गेज काय दाखवतं, ते थोडक्यात सांगू. इंजिनात डिझेल जळायला हवा लागते. जास्त हवा गेली तर जास्त डिझेल नीट जळतं आणि जास्त ताकद मिळते. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्यामुळे दुसरं चाक फिरतं आणि ते ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ सालचं आहे. बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाबाने ही हवा इंजिनात शिरते, त्याला बूस्ट म्हणतात. तो मोजायचा बारमध्ये. एक बार म्हणजे साधारण समुद्रकिनारी आपल्या भोवतीच्या हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा.

सुरुवातीला घाटाच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये काटा १.१ बारपर्यंत जायचा. फेब्रुवारीत तो एकवर थांबू लागला. मग ०.८. मार्चमध्ये अर्ध्या बारच्या पुढे जाईना. दुल्हेभाईंची फिक्र वाढली. ते एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, गाडी जागेवरच उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबला आणि काटा दाखवला. काटा जेमतेम हलला. मग त्याने टर्बोकडून जाणारा एक रबरी पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि तेलाने ओलं झालेलं बोट पुढे केलं. "टर्बो गेला. तेल फेकतोय. नवा बसवावा लागेल. ४५ हजार." आणि जाता जाता गेजच्या नळीकडे बघून म्हणाला, "ही नळी कुणी टोचली? असले उद्योग केले की असंच होतं."

हे शेवटचं वाक्य घरी आलं आणि घर पेटलं.

दुल्हेभाई पोराला बोलले ते आम्ही इथे लिहीत नाही. रागात बाप जे बोलतो ते बोलले. सकाळी गाडीला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. आपा दोन बांगड्या गहाण ठेवायच्या तयारीला लागली. तिने आम्हाला फोन केला आणि मग फोन पोराकडे दिला. आता कबूल करायची गोष्ट अशी की आम्ही त्याला पहिलं वाक्य काय बोललो? "अरे, चालत्या गाडीला कशाला हात घातलास?"

तो एवढंच म्हणाला, "मामू, मैं टर्बो को हात भी नै लगाया." आणि गप्प झाला.

फोन ठेवल्यावर आम्हाला स्वतःचीच शरम वाटली. वीस वर्षं वर्गात शिकवतो आहोत. मूल चुकलं असं कुणी सांगितलं तर आधी मुलाला विचारा, हे आम्ही नव्या शिक्षकांना सांगतो. आणि इथे स्वतःच्या भाच्याला एकही प्रश्न न विचारता निकाल देऊन मोकळे झालो. रात्री पुन्हा फोन केला. म्हटलं, "बेटा, आता मी फक्त विचारतो, तू सांग. घाटात गाडी पूर्वीसारखी ओढते का?"

"ओढते ना. अब्बांनाच विचारा. परवा सात माणसं आणि सामान घेऊन गेले."

"काळा धूर?"

"नाही."

"इंजिनचा दिवा लागला?"

"एकदाही नाही."

"शिटीसारखा, सायरनसारखा आवाज?"

"नाही मामू."

इथेच आम्हाला पहिली तसल्ली मिळाली. टर्बोचा दाब खरोखर निम्म्यावर आला असता तर डिझेल गाडीने ते लपवलं नसतं. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो. टर्बो तेल पीत असेल तर निळसर धूर येतो आणि तेलाची पातळी उतरते. टर्बोच्या दांड्याची बेअरिंग गेली तर आवाज बदलतो. हल्लीच्या गाड्यांत दाब खूप कमी झाला तर कॉम्प्युटर इंजिनची ताकद कमी करतो आणि दिवा लावतो. इथे गाडी ठीक, धूर ठीक, दिवा नाही. फक्त काटा कमी. साक्षीदार चार, त्यातला एकच वेगळं बोलतोय. मग आधी त्या एकाची उलटतपासणी करायला नको का?

गॅरेजमध्ये जे दाखवलं गेलं, त्याचीही आम्ही पोराबरोबर बसून उजळणी केली. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर बूस्ट फारसा वाढत नाही, कारण इंजिनावर ओझंच नसतं. ओझं नाही तर डिझेल कमी, धूर कमी, आणि टर्बो फिरवायला जोरही कमी. चांगल्या गाडीतही काटा तिथे जेमतेमच हलतो. बूस्ट बघायचा तर चढावर, गिअरमध्ये, गाडी भरलेली असताना. आणि पाइपमधला तेलाचा पातळ थर? इंजिनातली तेलकट वाफ एका नळीने पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते. तिचा थोडा ओलावा पाइपात बहुतेक गाड्यांत सापडतो. तेल साचलेलं असेल, पाइप उलटा केल्यावर ओघळत असेल, तर गोष्ट वेगळी. गॅरेजवाला खोटं बोलला असं आम्ही म्हणत नाही. त्याने दोन गोष्टी पाहिल्या आणि तिसरी पाहिली नाही, एवढंच.

रविवारी दुल्हेभाई गाडी घेऊन आले. चेहरा बंद. आम्ही त्यांना म्हणालो, "दुल्हेभाई, टर्बो बदलायचा तर बदलू. पण ४५ हजार द्यायच्या आधी दोन तास आम्हाला द्या." ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणता म्हणून." आणि ओट्यावर जाऊन बसले.

पहिलं काम, दुसऱ्या साक्षीदाराला विचारणं. हल्लीच्या डिझेल गाडीत कंपनीने बसवलेला दाबाचा स्वतःचा सेन्सर असतो. इंजिन चालवणारा कॉम्प्युटर त्याचंच ऐकतो, आपल्या गेजचं नाही. ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं. तिथे छोटा स्कॅनर लावला की त्या सेन्सरचा आकडा मोबाइलवर दिसतो. भाच्याने वर्गमित्राकडून स्कॅनर आणला होता. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. आकडा आला ९३.

पोरगा गोंधळला. "मामू, इंजिन बंद आहे, तर शून्य पाहिजे ना?"

नाही. हा सेन्सर हवेचा पूर्ण दाब मोजतो, किलोपास्कलमध्ये. आपल्या भोवतीची हवाही त्यात धरलेली. शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार. समुद्रकिनारी तो सुमारे १०१ दाखवेल. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर, म्हणून ९३. पोराने लगेच मोबाइलवर हवामान बघितलं. "इथे तर वाईचा दाब १०१० लिहिलाय, म्हणजे १०१!" हाही एक नेहमीचा चकवा आहे. हवामानाच्या बातमीत सगळ्या गावांचा दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतात, म्हणजे गावांची एकमेकांशी तुलना करता येते. तो आपल्या अंगणातला दाब नव्हे. उंच जावं तसा हवेचा दाब कमी होतो, हे पास्कलच्या मेहुण्याने १६४८ साली फ्रान्समध्ये पाऱ्याची नळी डोंगरावर नेऊन दाखवलं होतं. आमच्याकडे नळी नव्हती, पण पसरणी घाट होता.

मग आम्ही चौघे गाडीत बसलो. दुल्हेभाई चालवायला. त्यांनी फक्त रस्ता बघायचा, गेज नाही आणि मोबाइल तर नाहीच, ही अट आम्ही आधीच घातली. आपा पुढे गेज बघणार, पोरगा मागे स्कॅनर, आम्ही वही-पेन. घाटाच्या पहिल्याच लांब चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये पोराने आकडा वाचला, "दोनशे तीन." त्याच वेळी आपा म्हणाली, "अर्धा."

२०३ मधून ९३ वजा करा. ११० किलोपास्कल. म्हणजे १.१ बार. दिवाळीत होता तेवढाच. टर्बो आपलं काम चोख करत होता. आम्ही आकडा मोठ्याने सांगितला. दुल्हेभाई काही बोलले नाहीत, पण पुढच्या वळणावर त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही घरी आलो.

आता प्रश्न उरला गेजचा. आणि इथे अम्मीचं बीपीचं यंत्र कामाला आलं. डायल आणि हातपंपाचं जुनं यंत्र. डॉक्टरांनी नवं डिजिटल घ्यायला लावल्यापासून ते कपाटात पडून होतं. (वापरातलं यंत्र असल्या कामाला घेऊ नका. गाडीचं तेल आणि काजळी त्यात गेली तर आईचं बीपी चुकीचं निघेल.) बीपीचं डायल ३०० पर्यंत असतं, म्हणजे पाऱ्याचे ३०० मिलिमीटर. बारमध्ये तेच ०.४ होतात. आम्ही कापडी पट्टा काढला, हातपंप, बीपीचं डायल आणि बूस्ट गेज हे तिन्ही एका प्लॅस्टिकच्या 'टी' जोडावर आणले आणि फुगा दाबायला सुरुवात केली. बीपीचा काटा ३०० वर आला तेव्हा गेजचा काटा बरोबर ०.४ वर होता. फुगा सोडून पाच मिनिटं थांबलो. दोन्ही काटे जागेवर.

पण आपल्याला तर १.१ पर्यंत खात्री पाहिजे. म्हणून मेडिकलमधून ६० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणली. दट्ट्या ६० वर ठेवून ती आखूड नळीने गेजला जोडली आणि दट्ट्या ३० पर्यंत दाबला. हवा निम्म्या जागेत कोंबली की दाब दुप्पट होतो, हा बॉइलचा नियम १६६२ पासून मुलं पाठ करत आली आहेत. नळीतली आणि गेजमधली हवाही हिशोबात येते म्हणून काटा थोडा अलीकडे राहिला, पण पाऊण बारच्या पुढे गेला आणि सोडल्यावर नेमका शून्यावर आला. सायकलचा पंप मात्र आम्ही मुद्दाम वापरला नाही. त्याच्या एका जोराच्या दाबात काटा डायलच्या बाहेर जाऊन गेज कायमचं बिघडू शकतं.

हे गेज आतून कसं असतं, ते पोराला सांगितलं. उरुसात कागदाची पुंगी मिळते, फुंकली की उलगडून सरळ होते. गेजमध्ये तशीच एक वाकवलेली, चपटी पितळी नळी असते. आत दाब आला की ती थोडी सरळ होऊ बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ साली याचं पेटंट घेतलं. पावणेदोनशे वर्षं झाली, अजून गॅस सिलिंडरपासून कॉम्प्रेसरपर्यंत हीच नळी काम करते.

टर्बो ठीक, गेजही ठीक. मग उरलं काय? मधली नळी.

इंजिन पूर्ण थंड झालं होतं. पोराने नळी इंजिनाकडच्या टोकाला सोडवली, तिथे एक स्क्रू घट्ट बसवून तोंड बंद केलं, आणि गेजकडच्या टोकाला बीपीचा पंप जोडला. फुगा दाबला. ३०० वर आणून सोडला. काटा हळूहळू खाली. २५०, २००, १२०. आपाने साबणाचं पाणी आणलं. पोराने कापसाच्या बोळ्याने नळीवर इंचाइंचाने लावत आणलं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून नळी आत येते, तिथे बारीक बुडबुडे आले.

पत्र्याची कड धारदार होती. भोकात रबरी ग्रोमेट बसवलेलं नव्हतं. चार महिने घाटातल्या धक्क्यांनी नळी त्या कडेवर घासत राहिली आणि रोज थोडी थोडी कापली गेली. म्हणूनच काटा एकदम पडला नाही. एक, मग ०.८, मग अर्धा.

पोरगा बराच वेळ त्या भोकाकडे बघत होता. मग स्वतःच म्हणाला, "ग्रोमेट मी लावायला पाहिजे होतं. सर सांगतात तरी विसरलो."

पण एक शंका आमच्या मनात उरली होती. एवढ्याशा चिरेने काटा निम्म्यावर कसा? इंजिनाकडून तर हवेचा लोंढा येतोय. उत्तर नळीच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. काटा थरथरू नये म्हणून पोराने इंजिनाजवळ नळीत बारीक छिद्राचा एक पितळी तुकडा बसवला होता. तो बसवतातच, त्यात चूक नाही. पण घरची टाकी आठवा. टाकी भरलेली आहे, पण वरचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा आहे, आणि खाली पाइपला चीर आहे. तोटीला जोर येईल का? नाही. टाकी मात्र भरलेलीच. इथेही तसंच झालं. बारीक छिद्रातून जेवढी हवा येत होती त्यातली बरीचशी चिरेतून निसटत होती, त्यामुळे गेजपर्यंत निम्माच दाब पोचत होता. आणि छिद्र बारीक असल्यामुळेच इंजिनाची हवा काही कमी होत नव्हती. त्या पितळी तुकड्याने गेजला खोटं बोलायला लावलं, पण गाडीला वाचवलं. तुकड्यात काजळीही बसली होती, ती साफ केली.

दुरुस्तीला लागलं काय? नवी नळी, एक रबरी ग्रोमेट, दोन क्लिपा आणि नळी टर्बोच्या गरम भागापासून लांब बांधायला प्लॅस्टिकचे चार पट्टे. सगळे मिळून २२० रुपये. तेही पोराने दिले. आम्ही द्यायला गेलो तर म्हणाला, "गलती माझी आहे मामू."

जोडल्यावर पुन्हा बीपीचा पंप लावून पाच मिनिटं पाहिलं. काटा हलला नाही. मग पुन्हा घाट. तोच चढ, तोच गिअर. पोराने वाचलं, "दोनशे दोन." आपाने वाचलं, "एकच्या पुढे. एक आणि थोडं." दुल्हेभाईंनी यावेळी गाडी वळवली नाही. थेट पाचगणीला नेली आणि टपरीवर चहा सांगितला. चहा पिताना पोराकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून सकाळी पाणी-तेल तू बघ." एवढंच. पण ताकीद मागे घेतली, हे आपाला कळलं आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

आता तुमच्यापैकी कुणाच्या गाडीत असं गेज असेल, तर आमच्या वहीतलं थोडं इथे देतो.

आधी गाडी कोणती ते बघा. डिझेल गाडी उभी असताना गेज शून्याच्या आसपास दाखवतं, ते बरोबरच आहे. पेट्रोलची टर्बो गाडी असेल तर उभ्या इंजिनावर काटा शून्याच्या बराच खाली, साधारण उणे ०.६ ते ०.७ बारवर हवा, कारण पेट्रोल इंजिन बंद झडपेमागून हवा ओढत असतं. पेट्रोल गाडीत चालू इंजिनावर काटा शून्यावरच राहिला तर बहुधा नळी निसटली आहे. आणि तिथून फुकटची हवा आत जाऊन इंजिनही अडखळेल.

काटा शून्यावर येत नसेल तर गेजची नळी सोडवून बघा. सोडवल्यावरही येत नसेल तर दोष गेजमध्ये. सोडवल्यावर आला, तर नळी कुठे दबली, मुडपली किंवा चिकटली आहे का ते शोधा.

गेज इलेक्ट्रॉनिक असेल तर हवेच्या नळीआधी वायर बघा. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थिंग ढिली आहे. पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंगचा स्क्रू घट्ट करा. सेन्सरच्या तोंडाशी काजळी बसली असेल तर ती साफ करा. आणि पूर्ण दाब मोजून त्यातून ठरलेला एक आकडा वजा करणारं गेज असेल, तर पाचगणीसारख्या १,३०० मीटर उंचीच्या गावात इंजिन बंद असतानाही ते शून्याखाली सुमारे ०.१४ दाखवेल. तो बिघाड नाही, ती उंची आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गेज कमी दाखवतं म्हणजे गेजच खोटं, असाही निकाल देऊ नका. आमच्याकडे तीन साक्षीदार गाडीच्या बाजूचे होते, म्हणून आम्ही गेजवर संशय घेतला. तुमच्याकडे काळा धूर असेल, चढावर गाडी दमत असेल, स्कॅनरचा आकडाही कमी असेल, तर गेज खरं बोलतंय. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप, त्यांच्या क्लिपा, इंटरकूलर यांच्यात हवा कुठे फुटते ते आधी बघा. फाटलेला पाइप टर्बोपेक्षा खूप स्वस्त असतो. त्यानंतर टर्बो. थंड आणि बंद इंजिनावर हवेचा पाइप काढून आतलं चाक बोटाने फिरवायला सांगा. ते मोकळं फिरलं पाहिजे, कडेला घासता कामा नये. दांडा बाजूला किंचित हलणं चालतं, पुढे-मागे सरकता कामा नये. एवढं समोर दाखवल्याशिवाय कुणी नवा टर्बो सांगितला, तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारायला लाजू नका.

आम्हाला मात्र या रविवारी गाडीपेक्षा आमच्या फोनवरच्या त्या पहिल्या वाक्याचा विचार जास्त करावा लागला. परीक्षेचे पेपर तपासताना एखाद्या मुलाचे गुण एकदम उतरले, तर आम्ही लाल पेन उचलायच्या आधी दुसरा कुठला पुरावा बघतो का? वर्गात तो कसा बोलतो, वहीत काय लिहितो, घरी काय चाललंय? नेहमी नाही बघत. यंदा बघायचं ठरवलं आहे. भाच्याची माफी त्याच रात्री मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या मामू, ग्रोमेट तर खरंच नव्हतं." चूक त्याची होती, पण २२० रुपयांची. त्याच्यावर आळ घातला होता ४५ हजारांचा.

अम्मी तेव्हापासून रोज विचारते, तिचं यंत्र कुठे आहे. तिचं म्हणणं, जुनंच बरं होतं, नव्याचा भरवसा नाही. आम्ही सांगितलं, नव्यालाही एकदा तपासून घेऊ. येत्या शुक्रवारी ते डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहोत, त्यांच्या यंत्राशी ताडून बघायला.